दुसरी गोळी

सलूनचं शटर अर्धं खाली ओढून दादाने फुगा फुगवला आणि त्यावर दाढीचा फेस लावला. नवशिक्याला पहिला वस्तरा असा फुग्यावर चालवायला देतात. धाकट्या भावाने अर्ध्या शहराच्या दाढ्या केल्या होत्या, तरी तो मुकाट्याने पुढे झाला. आज हात जमला, तर उद्यापासून त्याची खुर्ची पुन्हा सुरू व्हायची होती.

वर्षानुवर्षं त्याला आवाज ऐकू यायचे. गोळ्यांमागून गोळ्या बदलल्या, ते काही हटेनात. शेवटी डॉक्टरांनी चालू गोळीला दुसरी जोडून दिली आणि आवाज थांबले. हात मात्र थरथरायला लागले. थरथरीवरची गोळीही देऊन झाली, तिने फक्त तोंडाला कोरड पडली. घरचे म्हणाले, हत्ती गेला, शेपूट राहिलं. पण वस्तरा धरणाऱ्याचं पोट त्या शेपटावरच असतं.

पहिली रेघ सरळ गेली. दुसऱ्या रेघेला फुगा फुटला आणि फेस आरशावर उडाला.

"गेलं गिऱ्हाईक," धाकटा म्हणाला.

दोघंही हसले. दादाचं हसू आधी आटपलं. त्याला रडू येत होतं, आणि धाकट्यासमोर रडायची त्याला सवय नव्हती.

"डॉक्टरांना सांगू, ती दुसरी गोळी बंद करा," तो म्हणाला. "आवाज होते तेव्हा तू भिंतीशी भांडायचास, पण कुणाला साधा ओरखडा उठला नाही. माझी दाढी तर रोज तूच करायचास. लोण्यासारखा हात तुझा."

"राहू दे."

"राहू दे काय? हातातली कला गेल्यावर करणार काय तू?"

धाकट्याने वस्तरा मिटून ठेवला.

"तुझी दाढी करताना आवाज काय सांगायचे, ते मी तुला कधी बोललो नाही."

दादाचा हात आपसूक गळ्याकडे गेला. धाकट्याने ते आरशात पाहिलं. त्याने पाहिलंय हे दादालाही कळलं, आणि हात खाली घ्यावा की नाही ते त्याला सुचेना.

"रोज सांगायचे," धाकटा म्हणाला. "म्हणूनच हात हलायचा नाही, दादा. जीव खाऊन धरून ठेवायचो. आता थरथरतोय, तर थरथरू दे."