मोडका कान
वर्षाराणी जुने कृष्णधवल फोटो लॅपटॉपवर दुरुस्त करायला शिकत होती. आज दिवंगत सासऱ्यांचा तालमीतला एकुलता एक फोटो घेतला. ओरखडे, डाग सफाईनं गेले. चुरगळलेला डावा कान पुसून तिनं तिथं उजवाच उलटवून बसवला. शेजारी लेक रुसून बसली होती. काल कुस्तीत तिचा कान सुजला आणि आईनं तालीमच बंद केली. सासूबाई डोकावल्या. “हे कोण पावणं?” “अहो, मामंजीच की.” “न्हाई गं. कुस्त्या खेळून ह्यांचा कान मोडलता. माझ्या वडलांनी स्थळ बघताना आधी त्यो कान बघितला, मग घर.” वर्षाराणी थबकली. एकेक बदल मागं घेत तिनं मोडका कान परत आणला, कडा ठळक केल्या. “आता आलं घरचं माणूस,” सासूबाई म्हणाल्या. वर्षाराणीनं लेकीचा सुजलेला कान निरखला. “ऊठ. आधी डॉक्टर, मग तालीम.”