ठणठणीत गाव

मोठे डॉक्टरसाहेब गाडीतून उतरले तेव्हा दवाखान्याच्या बाकांवर अख्खं गाव ठणठणीत बसलं होतं. अख्खं म्हणजे वीसेक म्हातारी माणसं. गावात काळ्या केसांची एकटी सिस्टर. फौजीचेही काळे होते, पण ते रंगवलेले.

बेत मास्तरांचा. जन्मभर शाळेच्या तपासण्या पाहिलेला माणूस. आदल्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, "तपासणीला पोरं हुशार दिसली की मास्तर पास. उद्या आपल्या सिस्टरची तपासणी आहे. कुणीही कुरकुर करायची नाही." सिस्टरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती बिचारी सकाळपासून बाटल्या पुसत होती.

मग काय, फौजी काठी घरी ठेवून भिंत धरत धरत आला. शिंपीण काकूंचा खोकला एरवी पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. आज त्या ओठ घट्ट मिटून, लालबुंद होऊन बसल्या होत्या.

"काय त्रास होतो, आजी?" साहेबांनी विचारलं.

काकूंनी नुसती मान हलवली. तोंड उघडलं असतं तर बिंग फुटलं असतं.

"आणि तुम्हाला, बाबा?"

"छे! सिस्टर आल्यापासून डास चावला तरी खाजत नाही," फौजी म्हणाला.

सिस्टरनं कपाळावर हात मारून घेतला. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. समजुतीच्या सुरात म्हणाले, "सगळे धडधाकट आहात, आनंद आहे. पण मग इथं दवाखाना ठेवून काय करायचं? दुसरीकडे माणसं रांगा लावून बसलीत. हिला तिकडे पाठवतो."

गावची शाळा अशीच गेली होती, पोरं उरली नाहीत म्हणून.

तेवढ्यात काकूंचा खोकला सुटला. फौजीनं गुडघा धरला. कुणाला कळ आली, कुणाला चक्कर, आणि कोपऱ्यातल्या एका आजीबाईंना दोन्ही एकदम. साहेबांना हसू आवरेना. "पुरे, पुरे! आता यातलं खरं काय मानू मी?" असं म्हणून ते गाडीकडे निघाले.

मास्तर उठून उभे राहिले.

"साहेब, मला दिसत नाही."

"आता तुम्हीसुद्धा?"

"रोज सकाळी मी या सगळ्यांना पेपर वाचून दाखवतो. वर्ष झालं, मला अक्षर दिसत नाही. मनातलंच वाचतो." मास्तरांना साहेबांची भीती नव्हती, मागच्या बाकांची होती. "फक्त हिला ठाऊक आहे. मोठ्या दवाखान्यात चला म्हणून रोज पाठीस लागते, आणि मी रोज टाळतो. मी घाबरट आहे, साहेब. ही गेली तर माझ्या पाठीस कोण लागणार?"

साहेब परत फिरले. मास्तरांची हनुवटी वर करून, पापणी उचलून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग सिस्टरकडे वळून म्हणाले, "यांचं ऑपरेशन करावं लागेल. घेऊन ये यांना. नंतरचं औषधपाणी तुलाच बघायचंय, इथंच राहून."

गाडी निघून गेली. मास्तर मात्र तसेच पाठमोरे उभे. वळून सगळ्यांकडे बघायचं त्यांचं धाडस होईना.

"बसा हो मास्तर," खोकल्यातून श्वास सापडताच काकू म्हणाल्या. "आम्हाला केव्हाच कळलंय. एवढ्या चांगल्या बातम्या कुठल्या पेपरात येतात?"

"आणि ऐका," फौजी म्हणाला, "डोळे बरे झाले तरी वाचायचं तुमच्या मनातलंच."