खांद्यावरची दस्ती

काल पर्यटकांचा गरम हवेचा फुगा शेजाऱ्याच्या रानात उतरला, तर गावभर त्या शेजाऱ्याचंच कौतुक. म्हणून आज नळदुर्गकडून फुगा येताना दिसताच खाजामियाँनी बायकोला, बेगमबीला चहा टाकायला सांगितलं आणि खांद्यावरची दस्ती बांधावरून जोरजोरात हलवली. रानातल्या विजेच्या तारेखाली इतकी वर्षं नांगर हाकून हाकून ती तार त्यांना दिसेनाशीच झाली होती. फुगा खाली वळला, तारेला भिडला, पेटला आणि टोपली ढेकळांत आदळली. टोपलीतली पर्यटक बाई अजून शुद्धीवर नव्हती. फुग्याचा चालक भाजलेला हात धरून म्हणाला, "चाचा, तुम्ही सावध करत होता, मलाच कळलं नाही." खाजामियाँनी दस्ती भिजवून त्याच्या हातावर धरली. तेवढ्यात कपांवर नजर ठेवून बेगमबी आली. "उतरवलंच की तुमी पाव्हण्यांला, दस्ती हलवून." चालकानं हळूच हात मागं घेतला. ओली दस्ती खाजामियाँच्या हातात राहिली.