लाटेशी कुस्ती

“आवर सगळं, घरी जायचं,” देवबागच्या किनाऱ्यावर हिंदूराव पैलवान लेकीला म्हणाले. बँकेतली नोकरी सोडून पोरगी इथं लोकांना सर्फिंग शिकवते, हे त्यांना मुळीच पटलं नव्हतं.

“येते. पण आधी एक लाट घ्या,” शर्वरी म्हणाली.

“त्यात काय! अंगात जोर असला की झालं.” कोल्हापूरच्या तालमीत आयुष्य घालवलेला गडी कंबरभर पाण्यात उतरला, फळीवर चढून लाटेला भिडला आणि उताणा पडला. पुन्हा भिडला, पुन्हा पडला. नाकातोंडात खारं पाणी गेलं. किनाऱ्यावरची माणसं हसली, तसे त्यांचे कान तापले.

शर्वरी हसली नाही. तिनं फळी धरली. “आबा, जोर नका लावू. पडून राहा. मी सांगेन तेव्हा हात मारा.”

नुसती वाट बघणं त्यांना जड गेलं. मग मागून लाट आली, लेक ओरडली, आणि पाण्यानं त्यांना अलगद उचलून थेट वाळूपाशी आणलं.

“लागलं नाही ना?” शर्वरी धावत आली.

हिंदूराव फळी पुन्हा पाण्याकडे ओढत होते. “तुझ्या आईला फोन लाव. मी आठवडाभर इथंच आहे म्हणावं. मला उभं राहायला शिकायचंय.”