दहापैकी दोन

मुलगा न अडखळता बोलत होता. दवाखान्यातल्या पेशंटची रांग सांभाळणारा एक प्रोग्राम पडद्यावर होता आणि एकेका ओळीवर बोट ठेवून ती काय करते, ते तो सांगत होता. चौकशी समितीचे तिघं ऐकत होते: विभागप्रमुख मॅडम, परीक्षा विभागाचे अधिकारी आणि चौतीस वर्षं याच कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवत आलेले सर. सरांना निवृत्त व्हायला तीन आठवडे राहिले होते.

त्याच्यानंतर मुलगी आली. तिने जमा केलेला प्रोग्रामही अक्षरशः तोच होता. दोघांपैकी एकाने दुसऱ्याचा उचलला होता आणि दोघंही आपलाच म्हणत होते.

"समजावून सांग," मॅडम म्हणाल्या.

मुलीने पडद्याकडे पाहिलं. तीन जणांकडे पाहिलं. ती कसेबसे एक-दोन शब्द बोलली आणि तिथेच अडली.

अधिकाऱ्यांनी फॉर्म भरला. स्पष्टीकरण: मुलगा दहापैकी नऊ, मुलगी दहापैकी दोन. फॉर्म सरांनीच कधीकाळी तयार केलेला. वर त्यांचंच वाक्य छापलेलं होतं, 'ज्याने लिहिलं, त्याला सांगता येतं.'

मुलांना बाहेर बसवलं. चहा आला.

"सर, मी तुमच्या वर्गात असतानाची आमची केस आठवते?" मॅडम हसत म्हणाल्या. "मी आणि ती जाड चष्म्याची. तुम्ही पाच मिनिटांत निकाल लावला होतात."

"आठवते ना. त्यानंतरच तर हा फॉर्म केला."

"आता सांगायला हरकत नाही." मॅडमनी बिस्किट चहात बुडवलं. "प्रोग्राम तिचा होता. मी दोन दिवस बसून पाठ केला होता."

अधिकारी मोठ्याने हसले. सरही हसले. आपण हसतोय, हे त्यांच्या जरा उशिराने लक्षात आलं.

"तिचं पुढे काय झालं?"

"कॉलेज सोडलं ना तिने त्याच वर्षी. मध्ये एकदा दिसली होती, कापडाच्या दुकानात काउंटरला. तिने ओळख दाखवली नाही." मॅडमनी बोटं पुसली. "मग मीही नाही दाखवली."

सरांना तिचं नाव आठवेना. ती खाली मान घालून उभी होती एवढंच आठवत होतं, आणि आपण तिला जे म्हणालो होतो ते. 'चोरीचा माल आहे, तोंडातून कसा बाहेर येईल?' सगळा वर्ग हसला होता. तेव्हापासून दरवर्षी पहिल्या तासाला सर हा किस्सा रंगवून सांगत आले होते.

त्यांनी कप खाली ठेवला.

"मुलांना आत बोलवा. मला एकच विचारायचंय."

दोघं येऊन उभे राहिले.

"हे लिहिताना कुठे अडलास?" सरांनी मुलाला विचारलं.

"कुठेच नाही, सर. सोपा होता."

"आणि तू?"

मुलीने या वेळी पडद्याकडे पाहिलंच नाही.

"शेवटच्या पेशंटला," ती म्हणाली. "रांगेत एकच जण उरला आणि त्याला आत पाठवलं, की पुढचा नवा पेशंट घेताना प्रोग्राम बंद पडायचा. तीन दिवस कळेना. सगळं खोडून परत लिहिलं, तरी तेच. मग बसमध्ये एकदम डोक्यात आलं. तो माणूस आत गेल्यावर रांगेची सुरुवात मी रिकामी करत होते, पण रांगेचा शेवट अजून त्या गेलेल्या माणसाकडेच बोट दाखवत होता. म्हणून मग ती खालून चौथी ओळ घातली."

मुलगा ती ओळ नीट वाचत होता. बहुतेक पहिल्यांदाच.

दोघं बाहेर गेल्यावर सर म्हणाले, "तिनेच लिहिलाय."

"फॉर्ममध्ये हा प्रश्न नाहीये, सर," अधिकारी म्हणाले. "उद्या तो मुलगा अपिलात गेला तर आपण काय दाखवणार?"

"मी लिहून देतो."

"सर, नियमाप्रमाणेच जाऊ या." मॅडम फॉर्मकडे बघत बोलत होत्या. मघाचं हसू आता नव्हतं. "नियम तुमचाच आहे. आज हा निकाल असा फिरवला, तर जुनेही सगळे उकरून काढावे लागतील."

"काढायला हवेत."

मॅडमनी सही केली. अधिकाऱ्यांनी केली. सरांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशाला अडकवलं.

"दोन सह्या पुरतात, सर," अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुम्ही कशाला जाता जाता जिवाला लावून घेता?"

सर बाहेर आले. मुलगा पार जिन्याजवळ कुणाशी तरी फोनवर बोलत होता. मुलगी बाकावरून उठली.

"सर, मीच लिहिलाय."

"माहीत आहे मला."

तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. "मग सुटले ना मी?"

सरांनी घसा साफ केला. वर्गात कितीही मठ्ठ पोर असलं, तरी त्याला कळेपर्यंत सांगायची त्यांची ख्याती होती. त्यांनी पुन्हा घसा साफ केला.

मुलगी वाट पाहत उभी होती. त्यांना घाई करायला नको म्हणून ती थोडी हसली.