टिप्याचा पहिला नंबर

पहाटेच चिमाजीआबांनी टिप्याला आंघोळ घातली, कपाळाला हळदकुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ अडकवली. "कुत्र्याचा पोळा करताय व्हय?" आबांच्या कारभारीण मंजुळाबाई हसल्या. टिप्याची शेपटी मात्र खाली गेली ती गेलीच! जत्रेच्या वेळी बोकडाला असंच नटवून गाडीत चढवलं होतं, आणि बोकड काही परत आला नव्हता. टिप्याला घेऊन गाडी मोशीहून पिंपरीला, नव्या कारखान्याच्या वसाहतीत पोचली. जनावरांच्या दवाखान्यासाठी वर्गणी जमवायला तिथल्या बायकांनी कुत्र्यांचा मेळावा आणि स्पर्धा भरवली होती. बाकीची कुत्री दुधावर तुटून पडली. टिप्याला फक्त चुलीवरचं रटरटणारं पातेलं दिसत होतं. एक बाई त्याच्या गळ्याशी वाकल्या. पळायचंही न सुचून त्यानं डोळे घट्ट मिटले, मान झुकवली. बाईंनी लाल फीत बांधली. "किती शांत कुत्रा! पहिला नंबर याचाच!" आबांची छाती फुगली. "मग! लई भरवसा हाय त्याचा आमच्यावर."