कणगीवरची चिंधी
माझा ल्योक हौशीराम पुण्याच्या कारखान्यात कम्प्युटरचे प्रोग्राम लिवतो, पण दुसऱ्याला कळंल असं लिवायला त्याला कमीपणा वाटतो. तो रजेवर घरी आला अन् तिकडं काम अडलं. त्याचा सोबती त्याचे प्रोग्राम असलेल्या, भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आमच्या गावी परंदवडीला धावला. "कुठलं कार्ड कशाचं, एवढं तरी लिहायचं. माझी नोकरी जाईल." हौशीराम हसला, "डोकं असलं की खुणा लागत नाहीत." मी उठून भाताच्या बियाण्याच्या कणग्यांवरच्या चिंध्या सोडल्या, लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताला पांढरी, उशिरा येणाऱ्या गरव्याला तांबडी, ह्याच्या बापानं बांधलेल्या. हौशीरामाला म्हटलं, "उद्या पेरणी. हळव्याचं बी काढ." तो दोन्ही कणग्यांतून एकेक मूठ भरून बघत राहिला. "आई, चिंध्या कुठायत?" मी त्याच्या हातावर टाकल्या. "तुझा बा मरून बारा वर्सं झाली, पर बी विचारायला त्याला उठवावं लागलं न्हाई. तू जिता असून लोकांना भिकाऱ्यावानी दारात उभं करतोस."